गयलं म्हणजे गेलं नव्हे

डॉक्टर वामनरावसाहेबांना साठ वर्षं पूर्ण झाली, त्यांच्या गौरवाच्या पुस्तकात तुम्हीही लिहा, असा निरोप आला तेव्हा मला हसूच फुटलं. मी चौथी शिकलेली, आणि पुस्तकात लिहिणार सारे मोठमोठे डॉक्टर. पण आमच्या घरचे म्हणाले, "काहून हासतं वं? मले जित्तेपणी झाकलं होतं, थे त्या डाक्टर लोकायले काय मालूम? लिह्य." म्हणून लिहिते, आणि फार आनंदाने लिहिते.

साहेबांची आमची ओळख झाली ती काविळीपायी. काटोलला आमचं सायकलचं दुकान. त्या उन्हाळ्यात ह्यांचे डोळे पिवळे झाले ते उतरेचनात. झाडपाला झाला, उतारा झाला, कोणी गळ्यात माळ घातली. शेवटी बसने नागपूरला आलो. साहेबांनी पोट दाबून पाहिलं. मग स्वतः स्टूल ओढून आमच्यासमोर बसले. पोटात मागच्या बाजूला स्वादुपिंड असतं, त्याच्या तोंडाशी गाठ आहे, ती कापावी लागेल आणि उरलेला तुकडा आतड्याला जोडावा लागेल, असं त्यांनी सांगितलं.

"म्हंजे पंक्चरच की," आमचे हे म्हणाले. "पाण्यात बुडवून पाहाल ना साहेब, बुडबुडे येते का थे?"

साहेब हसले. मग हळूच म्हणाले, "सायकलच्या ट्यूबमधली हवा रबर खात नाही हो. ह्यातला रस खातो. जोड गळला, तर अन्न कोणतं आणि माणूस कोणता, हे त्या रसाला कळत नाही."

माझ्या अंगावर काटा आला. आपलंच पोट आपल्याला जेवणार!

जोडायच्या तऱ्हा दोन, हेही त्यांनी समजावलं. एक म्हणजे उशीला खोळ घालतात तसं, तो तुकडा आतड्याच्या तोंडात खुपसून वरून शिवायचा. दुसरी म्हणजे त्यातली बारीक नळी आतड्याच्या बारीक छिद्राला तोंडाला तोंड लावून शिवायची. "मला दुसरी आवडते," साहेब म्हणाले, "पण आवडते म्हणून चांगली, असं नाही ना. म्हणून एकाला ही, पुढच्याला ती, असं करून पाहतो आहे. चालेल का तुम्हाला?" इतका मोठा माणूस आणि आम्हाला विचारत होता! ह्यांच्या वाट्याला खोळ आली. शेजारच्या खाटेवर रामटेककडचे एक म्हातारे गुरुजी होते, त्यांना तोंडाला तोंड.

ऑपरेशन झालं. दोघांच्याही पोटातून एकेक रबरी नळी खाली बाटलीत सोडलेली. जोड गळतो का म्हणून त्या नळीकडे पाहात बसायचं, एवढंच काम. दुपारी बाहेर गरम वाऱ्याची लू चालायची, वॉर्डात सगळे गुंगीत. ह्यांच्या खाटेजवळच्या खिडकीला गारव्यासाठी वाळ्याची ओली ताटी लावलेली, तिचं पाणी टप, टप. गुरुजी डोळे मिटूनच एकदा म्हणाले, "बाई, आत कोणीतरी जेवून राहिलं हो." इतक्या अदबीने म्हणाले, जसं पंगतीत पाहुणा बसला आहे. त्यांची पुण्याची बहीण म्हणाली, "दादा, बडबडू नकोस, झोप." मग पुन्हा टप, टप. मला वाटायला लागलं, खरंच कोणीतरी चावून राहिलं.

तेवढ्यात पाहते तर ह्यांची पट्टी ओली! मी दाराकडे धावले आणि ओरडले, "गयलं वं सिस्टर! गयलं!"

आमच्याकडे गळलं ते गयलं. पुण्याच्या बाईंना ऐकू आलं, गेले. मी वळून पाहते तर त्यांनी ह्यांच्या तोंडावरून चादर ओढलेली, आणि स्वतः हात जोडून उभ्या. दारात साहेब. पांढरी चादर, आणि तोंडाच्या जागी ती जराशी वर होते, जराशी खाली होते. आम्ही तिघंही जागच्या जागी. चादरीखालून आवाज आला, "काहून झाकलं वं मले? गरमी होऊन राह्यली."

साहेब हसले नाहीत. त्यांनी पट्टीचं पाणी बोटावर घेतलं, हुंगलं, आणि मग त्यांचा चेहरा सुटला. "वाळा," म्हणाले. ताटीचं पाणी उडालं होतं! मी आधी ह्यांच्या तोंडावरची चादर काढली.

ते जायला वळले, तर गुरुजी पुन्हा तेच पुटपुटले, आत कोणीतरी जेवून राहिलं. साहेब थांबले. गुरुजींच्या नळीभोवतीची कातडी त्यांनी पाहिली. भाजल्यासारखी लाल झाली होती. बाटलीतलं पाणी मात्र दिसायला नितळ. "रसच आहे हा," साहेब म्हणाले, "जोड इथं गळला." त्याच दुपारी गुरुजींना परत आत नेलं. पुढे किती तरी दिवस साहेब सकाळी येऊन त्या कातडीला स्वतःच्या हाताने मलम लावत. गुरुजी वाचले. जेव्हा त्यांनी पहिल्यांदा वरणभात मागितला, तेव्हा त्यांची बहीण माझ्या गळ्यात पडून रडली.

रामदासपेठेत डॉक्टर लोकांची सभा भरली तेव्हा साहेबांनी उभं राहून सांगितलं म्हणतात, "माझा आवडता जोड गळला. एवढ्यावरून कोणताही जोड वाईट ठरत नाही, पण माझी आवड मी आता बाजूला ठेवली आहे." मला दोरे-टाके कळत नाहीत. पण स्वतःच्या आवडीवर असा संशय घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्या वॉर्डात नवा डॉक्टर आला की साहेब त्याला आधी आमची बोली शिकवत. "खेड्यातली बाई गयलं म्हणाली, तर धावत जा. ती जे म्हणते आहे तेच ऐका."

ह्यांची गाठ साधी निघाली. सुनेच्या हातचं पिठलं-भाकर दोनदा मागून घेतात, तिसऱ्यांदा माझ्याकडे पाहतात. साहेब, म्हातारीचं एवढंच मागणं, तुम्हाला खूप खूप वर्षं रोज कडकडून भूक लागो, आणि खाल्लेलं सुखाने जिरो.