धुऱ्यावरची अंबाडी

आई शेतात काय करायची, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच. पेरायची. मेडशीच्या आमच्या वावरात तिफणीमागं तूर सोडायचं काम तिचं. कमरेला बियाण्याची ओटी बांधून ती चालायची, आणि तिच्या हातची ओळ कुठं विरळ नाही की दाट नाही, असं अख्खं गाव म्हणायचं. मग दादानं उपग्रहाच्या खुणेवर चालणारा ट्रॅक्टर बोलावला. ओळी दोरी लावल्यासारख्या उगवल्या. आई बघून म्हणाली, "बेस झालं." खरोखरच बेस झालं होतं, दुखणं तेच होतं.

तेव्हापासून तिच्या वाट्याला धुरा उरला. शेताच्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. तिथं ती अंबाडी लावायची. लाल देठाची, किन्हीराजाची, म्हणजे तिच्या माहेरची. लग्न होऊन आली तेव्हा हे बी तिच्या ओटीत होतं. दरवर्षी सगळं पेरायचं आणि नवं धरायचं, जुनं ठेवायचं नाही. "बी गाडग्यात जगत नाही बाई, मातीत जगते," म्हणायची. मी राखीला माहेरी गेले की ज्वारीच्या कण्या घालून हीच भाजी ठरलेली.

एका वर्षी दादानं तणनाशक फवारायला ड्रोन आणला. ड्रोनवाला शेलूबाजारहून जीप घेऊन आला. आधी शेताची हद्द नोंदवावी लागते, हातात यंत्र धरून कडेनं चालायचं. आता आमच्या मुलखात माणूस सोन्यावरून भांडणार नाही इतका धुऱ्यावरून भांडतो. शेजारच्या काकांशी आमचं जुनं वाकडं, आणि काका पलीकडून बघतच होते. दादा मुद्दाम धुऱ्याच्या पार पलीकडच्या काठानं चालला, छाती काढून. "नकाशात येऊ दे ना, धुरा कोणाचा हाय ते!"

नकाशात धुरा आला. यंत्र बिचारं इमानी, दाखवलं तेवढं सगळं त्यानं फवारलं. सोयाबीन हिरवं राहिलं आणि अंबाडीनं माना टाकल्या.

मी राखीला गेले तेव्हा आई धुऱ्यावर वाळलेली रोपं उपटून मुळं बघत होती. "एखांदं तरी राह्यलं असंन," म्हणत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मीही मागं गेले. एकही नव्हतं. दादाचा चेहरा उतरला होता. "मी बजारातून बी आणतो ना माय."

"आण बापा," ती म्हणाली. त्यानं पुडी आणली, तिनं ती फळीवर ठेवून दिली.

मी किन्हीराजाला मामाकडं जाऊन आले. तिथंही सोयाबीन काठापर्यंत भिडलेलं. मामी हसली, "अंबाडी? आता कोण लावते बाई?" मला तिचा राग आला, दादाचा आला, काकांचा आला. येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून रडले.

त्याच हिवाळ्यात आई गेली. अंबाडीपायी कोणी मरत नाही, एवढं मलाही कळतं. पण त्या दिवसानंतर ती वावरात गेली नाही, हेही खरं आहे.

यंदा हद्द पुन्हा नोंदवली. दादाच चालला, या खेपेला धुऱ्याच्या अलीकडून, धुरा पूर्ण बाहेर ठेवून. काका पलीकडं उभे होतेच. ड्रोनवाल्याला कोडं पडलं.

"भाऊ, तिथं तं नुसतं गवत हाय. काहून सोडून राह्यले?"

दादानं काकांकडं पाहिलंसुद्धा नाही. "ते मायचं हाय," म्हणाला.

ड्रोन उडाला. धुऱ्याजवळ यायचा आणि वळायचा. पलीकडं गुडघाभर गवत वाऱ्यानं हलत होतं, आणि फळीवरची पुडी अजून कोणी फोडलेली नाही.