पोळ्याच्या दिवशीचं फाटक

कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवता माणूस आयुष्यभर सुखाने जगू शकतो, हे मला आमच्या साहेबांमुळे कळलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. साहेब आगगाड्यांच्या अपघातांची चौकशी करत आणि मी त्यांचा कारकून म्हणून जबान्या लिहून घेई. उजाडलं म्हटलं तरी ते दारात जाऊन खात्री करत. अंतरं स्वतःच्या पावलांनी मोजत. एकदा मी मध्येच ‘चहा आलाय’ म्हणालो, तर आकडा विसरले आणि नांदुऱ्याचा अख्खा फलाट पुन्हा पहिल्यापासून चालले. चहा गार, मीही गार! भेंडी घेतानासुद्धा ‘कधी तोडली? तोडताना कोणी पाहिलं?’ असं विचारायचे. “घ्याची असन तं घ्या, नाही तं सरका!” भाजीवालीने एकदा चांगलंच सुनावलं, तर साहेबांनी तेही वहीत टिपून घेतलं.

अशा माणसाकडे ती चौकशी आली. पोळ्याच्या दिवशी जळगाव जामोदकडे उतारू घेऊन निघालेल्या सर्व्हिस मोटारीचा मागचा भाग एका फाटकात मालगाडीने उडवला होता. कुणी दगावलं नाही, पण फाटक उघडं का, याचा जाब फाटकवाल्या शेखचाचांना द्यायचा होता. नोकरी गेली असती तर रुळांकाठची खोलीही गेली असती, आणि चाचा-चाची या वयात जाणार कुठे?

“फाटक का लावलं नाही?” साहेबांनी विचारलं.

“बैल उभे होते ना सायेब रुळावर. झुली घालून मारुतीच्या पाया पडाले चालले होते.”

“हातात काठी होती ना?”

“होती. पन पोळ्याच्या दिवशी बैलाले काठी कोन लावते? मले नाही जमलं.”

बैल आपल्या मर्जीने सरकले, त्यांच्यामागून मोटार घुसली आणि चाचा लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेने धावले. एवढाच प्रकार.

दुसरा कुणी असता तर ‘कसूर कबूल’ लिहून दुपारच्या गाडीने परतला असता. साहेबांनी गावातून एक धिप्पाड बैल मागवला, गाडीची वेळ नाही असं पाहून रुळांमध्ये उभा केला, कोट माझ्या हाती दिला आणि घड्याळ लावून काठीशिवाय त्याला हटवायला लागले. ढकललं, चुचकारलं, अहो-जाहोसुद्धा केलं. बैल रवंथ करत पाहत राहिला. सारं गाव लोटलं. “हा कोन नवा गडी ठेवला बे?” कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. अकरा मिनिटं लागली.

अहवालात ती अकरा मिनिटं आलीच, पण खाली साहेबांनी स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली : ‘त्या जागी मी असतो, तर मीही काठी उगारली नसती.’ हा अहवाल वर ज्या टेबलावर जाणार होता, त्याच टेबलावर त्यांची बढती पडून होती. “साहेब, एवढी ओळ खोडा हो,” मी अक्षरशः हात जोडले.

“का? खोटी आहे?” म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

चाचांना ताकीद मिळाली, नोकरी राहिली. साहेबांची बढती गेली. त्यांना दूरच्या एका कचेरीत धाडलं, दुसऱ्यांनी लिहिलेले अहवाल नुसते वाचायला. निरोपाला स्टेशनवर चाचा होते आणि मी होतो. साहेबांचा हात चाचांनी दोन्ही हातांत धरून ठेवला होता. मी जरा लांबच उभा राहिलो. ती ओळ खोडा म्हणून मी हात जोडले होते, याची मला आजही लाज वाटते.