तीन आठवड्यांची सुई

कापडाचा ताका छातीशी कवटाळूनच उचलावा लागतो. टेमघरच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गाळ्यांतून ताके उचलायचे, आपल्या टेम्पोत रचायचे आणि शेलार गावातल्या गोदामात उतरवायचे, हे काम कोनगावचा भूपेश वीस वर्षं करत होता. पण गेल्या गणपतीपासून त्याच्या छातीच्या दोन्ही बोंडांखाली सुपारीएवढ्या गाठी धरल्या होत्या. ताका टेकला की कळ थेट बगलेत जायची. माघ उजाडेपर्यंत छाती चक्क बाईमाणसासारखी भरली. चैत्राच्या उन्हातही आत दोन बनियन, त्यावर कमरेचा पट्टा छातीला आवळलेला आणि वर जाड शर्ट.

"भूपेशभाई, इतनी गर्मी में रजाई भी ओढ लो," गाळ्यावरचा हमाल हसला. भूपेशनं त्याला आईवरून शिवी हासडली आणि मग दिवसभर ती शिवी त्यालाच टोचत राहिली.

टोचण्यासारखं दुसरं मोठं कारण घरात होतं.

गाठी यायच्या आधी दोन वर्षं हा गडी पार गळून गेला होता. टेम्पोच्या स्टेअरिंगवर डुलक्या, जेवणावर वासना नाही, आणि मनालीकडे, म्हणजे बायकोकडे, पाठ करून झोपणं. ती भांडली, रुसली, शेवटी ओढतच त्याला कल्याणच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. रक्त तपासलं. अंगात पुरुषपणाचं जे हार्मोन असतं तेच फार कमी निघालं. डॉक्टरनं इंजेक्शन लिहून दिलं. दर तीन आठवड्यांनी एक, आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दाखवायला यायचं.

दोन-तीन सुयांतच भूपेश पालटला. पहाटे उठून टेम्पो धुवायला लागला, गाणी म्हणायला लागला. मनाली लाजून म्हणाली, "आवरा आता, पोरं मोठी झाली."

आणि इथं त्यानं गाळ्यावरचा हिशोब अंगाला लावला. लूम एका शिफ्टला चालला तर एवढं कापड, दोन शिफ्टला चालला तर दुप्पट. मग एका सुईनं एवढं होतंय, तर? त्यानं टेमघरच्या दवाखान्यातल्या विवेक कंपाउंडरला बिनधास्त सांगितलं, "डॉक्टर बोलला, दर दहा दिवसांनी घ्या." विवेकनं मान डोलावली. रक्त दाखवायला भूपेश गेलाच नाही.

गणपतीच्या सणानंतर एकदा शर्ट बदलताना मनालीनं त्याची छाती पाहिली. तिचा हात तोंडावर गेला. "ह्ये कशानं झालं वो?"

भूपेशला खरं कारण कळत होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "तुझ्यामुलं! तूच नेलंस ना मला त्या डॉक्टरकडं? मी बरा व्हतो."

सकाळी उठून सांगू, असं त्यानं त्या रात्री ठरवलं. सकाळी नाही सांगितलं. मग ते सांगणं आठवड्यावर गेलं, महिन्यावर गेलं. मनालीनं मात्र गावदेवीला नवस बोलून मासळी सोडली. सुक्या बोंबलाशिवाय जिला भात उतरत नाही, ती बाई नवऱ्याला बोंबील तळून वाढायची आणि स्वतः वरणाशी खायची. भूपेश खाली मान घालून ते बोंबील संपवायचा. तरी सुई दहा दिवसांनीच चालू होती. थांबवली तर पुन्हा तसलाच गळाठा येईल, ही भीती.

वैशाखात आक्काच्या, म्हणजे मोठ्या बहिणीच्या, मुलाची, दीपेशची, हळद ठरली. आक्काच्या सासरी रीत अशी, की हळद लागलेल्या नवऱ्याला मामानं उघड्या अंगानं खांद्यावर घ्यायचं आणि नाचवत आंघोळीच्या पाटावर नेऊन बसवायचं. भाचा भूपेशच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. भूपेश चार दिवस आक्काचा फोन टाळत राहिला. पाचव्या दिवशी तो अंघोळीहून आला, तर मनाली फोनवर बोलत होती.

"आक्का, माझीच तब्बेत बरी न्हाय. म्हनून ह्ये न्हाय येनार."

फोनमधून आक्काचा आवाज ओसरीपर्यंत आला. "तुझी तब्बेत? बाय, माझ्या घरचं कार्य आलं का तुझं कायतरी निघतंच! माझा भाव देवमानूस, तूच त्याला बांधून ठेवलंयस पदराला!"

 मनाली एवढंच म्हणाली, "व्हय, माझंच चुकलं."

भूपेशला ते सहन झालं नाही. फोन ठेवल्यावर तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. "तुझं काय बी चुकलं न्हाय. डॉक्टर बोललेला तीन आठवडं. मी दहा दिसांनी घेतली. लपून. विवेकला खोटं सांगून."

"कवापासनं?"

"वर्स झालं."

मनाली रडली नाही. "आनि मी आठ महिनं देवीसमोर नाक घासतेय, का माझ्या हातनं नवऱ्याचं वाटोलं झालं!" ती उठली, पदर खोचला. "चला. कल्यानला. आत्ता."

डॉक्टरनं भूपेशची छाती चाचपली, रक्त घेतलं, मग समोर बसवलं. "अंगात हे औषध गरजेपेक्षा जास्त झालं, की त्यातलं काही बायकांच्या हार्मोनमध्ये बदलतं. त्यानं गाठ वाढते. सुई आपल्या मनानं बंद करायची नाही, आपल्या मनानं वाढवायची पण नाही. रिपोर्ट बघून मी ठरवतो. गोळी लागली तर देऊ. पण एक सांगतो, गाठ जुनी झाली असेल तर सगळी जाईलच असं नाही. उरली तर ऑपरेशन."

"पहिलंच आलो असतो तर?" भूपेशनं विचारलं.

"तर सोपं गेलं असतं."

परतताना टेम्पोत मनाली एवढंच बोलली, "आक्काला तुम्ही सांगायचं. मी न्हाय आता तुमच्या वाटचं बोलनार."

त्यानं सांगितलं. टेम्पो रस्त्याकडेला लावून, तिच्यादेखत, सगळं.  आक्का म्हणाली, "मेल्या, सदरा घालून ये. पन आधी तिला फोन दे." मनालीनं फोन घेतला नाही.

हळदीच्या मांडवात बेंजो वाजायला लागला. भूपेशनं शर्टासकट दीपेशला खांद्यावर घेतलं. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "मामा, सदरा काढ की! लाजतोस काय, नवरी हायस काय?" सगळे हसले. भूपेशनं सवयीनं मनालीकडे पाहिलं. आजवर असल्या वेळी तीच पुढे होऊन काहीतरी बोलायची, सांभाळून न्यायची. ती बायकांत उभी होती, हात हळदीनं माखलेले, आणि त्याच्याकडेच बघत होती. पुढे आली नाही.

"सुया जास्ती टोचून घेतल्या," भूपेश मोठ्यानं म्हणाला, "छाती वाढलीय माझी. चूक माझीच. दवाखाना चालू हाय."

हसू थोडं विरलं, थोडं तसंच राहिलं. भाचा खांद्यावर जड होता, गाठी दुखत होत्या. तो नाचत पाटापर्यंत गेला. मनालीची नजर पाठीवर होती की नव्हती, हे वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही.