भेंडाची पगडी

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूशी मी पुढची कितीतरी वर्षं बोललो नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. ती सांगायची तर दोन लाकडी बाहुल्यांपासून सुरुवात करावी लागेल.

कुंभकोणमात नवरात्र आलं की घरोघर फळ्यांच्या पायऱ्या लावतात, त्यांवर धुतलेलं पांढरं वस्त्र अंथरतात आणि बाहुल्या मांडतात. याला कोलू म्हणतात. आमची मराठी घरं तंजावरच्या राजांबरोबर या मुलखात आली. कोलू मांडायला ती कधी शिकली कुणास ठाऊक, पण माझ्या आजीच्या आजीनंही तो मांडला असणार. मुलीच्या लग्नात आईबापांनी तिला लाल लाकडाच्या दोन बाहुल्या द्यायच्या, एक नवरा आणि एक बायको. त्यांना मरप्पाची म्हणतात. नाकडोळे जेमतेम कोरलेले, अंगावर काही नाही. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात माहेरच्यांनी त्यांना कपडे-दागिने करायचे आणि सासरच्या कोलूत सगळ्यांत वरच्या पायरीवर उभ्या करून यायचं. हे कपडे विकतचे चालत नाहीत. माहेरच्या हातचे लागतात.

इंग्रज जाऊन स्वराज्य आल्याला सात-आठ वर्षं झाली असतील. वडील जाऊन त्याहून बरीच जास्त झाली होती. मी दुसऱ्याच्या दुकानात चिंचेनं पितळ घासण्यापासून सुरुवात केली होती आणि तोवर माझं स्वतःचं भांड्यांचं दुकान झालं होतं. कुणी हात धरून वर आणलं नाही. बाजारात माझ्याशी भाव करायला लोक दोघं-दोघं मिळून येत. बहिणीचं लग्न मी मोठ्या घरात लावून दिलं. त्यांचे पूर्वज राजवाड्यात मोडी दप्तर सांभाळत होते. दप्तर गेलं, राजा गेला, पण ताठा राहिला. लग्नात त्यांनी मला, मुलीच्या भावाला, दुसऱ्या पंगतीत बसवलं होतं. ते मी विसरलो नव्हतो.

आईला हात रिकामा ठेवता येत नसे. ताडाच्या पानाचे पंखे करून त्यांना कापडाची किनार लावायची, काचेच्या मण्यांचे पोपट ओवायची, काथ्याच्या चुंबळी वळायची, आणि सगळं गल्लीत वाटून टाकायची. मी चिडायचो.

"एका पंख्याला दिवस घालवतेस आणि फुकट देतेस."

"तू विकतोस ना?" ती म्हणायची. "एका घरात एक विकणारा पुरे झाला."

पंखे सगळे घेत. पण लग्नाची ताटं सजवायची असली, ओटीचं काही करायचं असलं, की तिला कुणी बोलावत नसे. विधवेचा हात मंगल कामाला लागू देत नसत. हे कुणी तोंडानं म्हणत नसे. फक्त त्या दिवशी गल्लीतली बाई आमच्या दारावरून पुढच्या दारात जायची.

श्रावण संपत आला तेव्हा बाहुल्यांच्या कपड्यांसाठी आईनं पेटीतून स्वतःचा लग्नातला शालू काढला आणि कात्री लावली. माझी बायको घाबरली. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात.

"आत्याबाई, वन्संच्या सासरी कळलं तर?"

"कळेल कसं?" मी म्हणालो. "तू केलेस म्हणून सांगायचं. सवाष्ण आहेस, घरची सून आहेस. कोण विचारतंय?"

बायको आईकडे बघत राहिली. आईनं कात्री थांबवली नाही.

"सांगा की. मला काय त्याचं? माझ्या लेकीच्या पायरीवर ते नऊ दिवस उभे राहिले म्हणजे झालं. दुसरं काही मला नको."

मी हे नीट ऐकलं होतं. पुढं जे केलं ते न ऐकल्यासारखं केलं, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

महिनाभर ती त्या दोन बाहुल्यांना घेऊन बसली होती. बायको-बाहुलीला वीतभर उंचीवर नऊवारी नेसवली, काष्टा घातलेली, निऱ्या भाताच्या खळीनं बसवलेल्या. मोहरीएवढ्या मण्यांची ठुशी. नवऱ्याला अंगरखा, आणि पगडी. ती पगडी तिनं तीनदा मोडली. तळ्याकाठच्या भेंडाचा पांढरा गाभा असतो, बोटानं दाबला तरी खळगा पडतो, तो कोरून त्याच्यावर तिनं शालूची जर केसाएवढ्या घड्यांनी बसवली. डोक्यावर ठेवून मागून टाक्यानं पक्की केली, म्हणजे मुलांनी ओढली तरी निघू नये. असली पगडी राजवाड्यातल्या जुन्या चित्रांतच दिसायची. मी दहा गावचा माल हाताळलेला माणूस, पण हिचा भाव मला सांगता आला नसता.

पहिल्या दिवशी मी आणि बायको बाहुल्या घेऊन गेलो. आई अर्थातच आली नाही. बहिणीचं सासर महामखम तळ्याच्या पलीकडे, चालत पंधरा मिनिटांवर. निघताना आईनं एवढंच सांगितलं, "कुणाच्या शेजारी उभ्या केल्या ते बघून ये."

बहिणीनं त्या वरच्या पायरीवर, लक्ष्मीच्या उजव्या हाताला उभ्या केल्या. तिला हात ओळखायला वेळ लागला नाही. तिनं पगडीवरून एक बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. सासूनं विचारलं, "कुणी केल्या?" मी म्हणालो, "हिनं." घरी येऊन आईला सांगितलं, लक्ष्मीच्या उजव्या हाताला. ती दिवसभर खुशीत होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्हाला पुन्हा बोलावणं आलं. शेजारच्या तमिळ बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या, एकीनं गाणं म्हटलं, फोडणीच्या हरभऱ्यांचं सुंडल वाटलं गेलं. मी ओसरीच्या दाराशी बसलो होतो. एका म्हाताऱ्या मामीनं माझ्या बायकोला विचारलं, "अगं, ही पगडीची घडी कशी घातलीस? आम्हाला दाखव ना."

बायको गोंधळली. "अशीच... घातली."

"अशीच म्हणजे? आधी ओलं केलंस का कापड?"

"हो. नाही, आधी नाही."

बायका हसू लागल्या. बहिणीची सासूही हसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तमिळमध्ये म्हणाली, "तिला कशाला छळता? भांडेवाल्याच्या घरचं काम आहे. कुठूनतरी घासाघीस करून आणलं असेल."

मी उठलो कधी ते मला आठवत नाही. मला आठवतं ते हे की मी तमिळमध्ये ओरडलो. घरात आम्ही मराठी बोलतो, पण भांडायला मी बाजारात शिकलो आणि माझा राग तमिळमध्येच बाहेर येतो. "माझ्या आईनं केलंय ते! माझ्या आईनं, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या लग्नाचा शालू फाडून! तुमच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं असतं का असं?"

गाणारी बाई हातातलं कुंकू तसंच धरून बसली. माझी आई विधवा आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. एकजण उठली, मग दुसरी. मुलाला भूक लागली असेल म्हणाली. तांबूल न घेता निघाल्या.

घर रिकामं झाल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या. आता त्या मराठीत बोलल्या, आवाज न चढवता.

"मला ठाऊक नव्हतं असं वाटलं तुम्हाला? तुमच्या आईचा पंखा माझ्या देवघरात आहे. तो टाका मी ओळखत नाही? पहिल्या दिवशीच ओळखला."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"कशाला बोलू? चांगलं काम होतं. उभं राहिलं असतं." त्यांनी पदर नीट केला. "तुम्ही मराठीत ओरडला असतात तर मी ऐकलंच नसतं. आता सगळ्या गल्लीनं ऐकलंय. उद्या माझ्या दारात कोण सवाष्ण येईल?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण सौद्यात समोरचा अडला की मला दिसतं, आणि मला वाटलं त्या अडल्या आहेत. मांडलेला कोलू दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. मध्येच बाहुली उचलणं हा मोठा अपशकुन.

"उचला तर मग," मी म्हणालो. "उचलून दाखवा पायरीवरून."

त्यांनी क्षणभर बाहुल्यांकडे बघितलं. मग सुनेला म्हणाल्या, "बाहुल्या असू देत तिथंच. कपडे उतरव."

बहीण पायरीशी गेली. मी तिला हाक मारली, तिनं वळून बघितलं नाही. साडी सुटली, ठुशी निघाली, अंगरखा निघाला. पगडी निघेना. तिनं वाकून दातानं दोरा तोडला. मग सासूबाईंनी दिलेला लाल खणाचा तुकडा दोन्ही बाहुल्यांना मिळून गुंडाळला, सगळे कपडे वाळक्या केळीच्या पानात बांधले आणि पुडी माझ्या बायकोच्या हातात दिली. माझ्या हातात दिली नाही.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं, ओरडूनच सांगितलं. आई तांदूळ निवडत होती.

"चार दिवस उभ्या होत्या ना?" तिनं विचारलं.

"होत्या."

"अजून पाच राहिल्या असत्या. मग तुला काय टोचत होतं?"

"तुझं नाव! महिनाभर डोळे फोडलेस, आणि श्रेय..."

"माझं नाव मला कशाला? ते मला ठाऊक होतं की." ती पुन्हा तांदळाकडे वळली. "तुला ती बाई भांडेवाला म्हणाली ते टोचलं. माझ्या नावानं का सांगतोस?"

मी जेवलो नाही. मला वाटत होतं की जगात मी एकटाच आईच्या बाजूनं उभा राहिलो आणि वर मलाच बोल. आजही अर्धं तसंच वाटतं. दुसऱ्या अर्ध्याचं काय करावं ते मला समजत नाही.

बहिणीवर मात्र माझा राग पूर्ण होता. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली तेव्हा मी तिच्याशी कामापुरतं बोलत असे. एके दिवशी तिनंच विषय काढला.

"अण्णा, मी नसते उतरवले तर त्यांनी मोलकरणीकडून उतरवून घेतले असते. ते फाटले असते."

"तुला तोंड नव्हतं?"

"होतं. तोंड उघडून तुझं काय झालं ते मी बघत होते ना."

दुकानात असतो तर मला उत्तर सुचलं असतं.

मुलगा झाला. तिसऱ्या महिन्यात बहीण त्याला घेऊन सासरी जायची होती. आईनं त्याला कुंची शिवली, मऊ जुन्या धोतराचं अस्तर, वरून हिरवं छीट, कपाळावर मण्यांची एक ओळ आणि हनुवटीखाली बांधायला गोंडे. निघायच्या सकाळी तिनं स्वतः ती बाळाला घातली आणि दारापर्यंत आली. दाराबाहेर आली नाही. मी, बहीण आणि बाळ जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, बसलो. तळं ओलांडलं, आणि तिच्या सासरच्या गल्लीच्या वळणावर बहीण गाडीवानाला म्हणाली, "जरा थांबवा."

तिनं गोंडे सोडले, कुंची काढली, घडी घातली. बाळाचे केस घामानं चिकटले होते. माझ्या गळ्याशी शब्द आला होता, तमिळमधलाच. तिनं माझ्याकडे बघितलं.

"माझ्या पेटीत सापडली तर जाळतील," ती म्हणाली. "तुझ्याजवळ ठेव."

मी हात पुढे केला.

घरी आलो तेव्हा आई दाराच्या आतच उभी होती, बहुधा आम्ही गेल्यापासून.

"कुंची होती ना डोक्यावर, आत जाताना?"

"होती."

"सासूनं बघितली?"

फार चांगला भाव सांगितला की गिऱ्हाईक संशय घेतं, हे मी जन्मभर पाळलेलं आहे.

"बघितली," मी म्हणालो. "काही बोलली नाही."

आईनं मान हलवली. "गोंडा डावीकडचा सैल होता. सुटला नाही ना वाटेत?"

कुंची माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती, अजून थोडी दमट.

"नाही," मी म्हणालो. "घट्ट होता."