डॉक्टरांनी न सांगितलेलं पथ्य

जरा जवळ येऊन बसा. हे आजवर मी चारचौघांत कधी बोललो नाही. नांदेडात कुणाला ठाऊक नाही, लातूरला सासरवाडीत तर नाहीच नाही — आणि तिथं कळल्यावर माझं काय होईल, तो विचार सध्या बाजूला ठेवू.

मी सूत्रसंचालक आहे. लग्न, सत्कार, निरोप समारंभ, दुकानाचं उद्घाटन — देगलूरपासून लातूरपर्यंत कुठंही माईक हातात द्या, मी सुटलोच. मुलीच्या पाठवणीला मी वरपित्यालासुद्धा रडवलंय, हुंदके देऊन! आणि असा माणूस एक साधं वाक्य इतकी वर्षं गिळून बसला. गंमत आहे ना? नाही — गंमत नाही ती. सांगतो.

आधी सुमनबद्दल. सुमन माझी बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं जन्मभर भूगोल शिकवला. डॅन्यूब नदी कुठून निघते, कुठल्या शहरांवरून जाते, हे किती पोरांकडून घोकून घेतलं असेल! स्वतः मात्र गोदावरी आणि मांजरा सोडून तिसरी नदी धड पाहिली नव्हती. मग पाच-सहा वर्षांपूर्वी तिनं ठरवलं — उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोप. तेही टूरवाल्यांच्या बसमधून नाही. पाठीवर पिशवी, रेल्वेचा पास, स्वस्तातल्या वसतिगृहात मुक्काम. पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. शाळेतला जुना नकाशा स्वयंपाकघराच्या भिंतीवर चढला. भाकरी थापता थापता ती पिठाच्या बोटानं मार्ग दाखवायची. बर्लिनवर कायम ज्वारीचं पीठ.

आणि मी? मी तर जाण्याआधीच जाऊन आलो होतो. आपल्याकडं माणूस परदेशी निघाला की व्हिसाच्या आधी सत्कार होतो. गल्लीच्या तोंडाला आमचा फ्लेक्स लागला — दोघांनाही काळे चष्मे, मागं आयफेल टॉवर. शाल, नारळ, हार. मी पाऊण तास बोललो. कधी न पाहिलेल्या प्रागच्या पुलावरून लोकांना असं फिरवून आणलं, की शेजारच्या काकांनी विचारलं, "सर, दुसऱ्यांदा चाललाव का?"

सरावही चालू होता. रोज सकाळी विष्णुपुरीच्या धरणाकडं चालायचं. पिशवीत वजन हवं म्हणून ज्वारी भरलेली. लोक हाका मारायचे, "सर, दळण घेऊन कुठं निघालाव?" मी दोन टोले परत द्यायचो. मजेत होतो हो. अगदी मजेत.

एके सकाळी धरणाजवळ एक गोरा सायकलवाला थांबला. जग फिरायला निघालेला. त्यानं मला काहीतरी विचारलं. मला — कारण तोंड माझंच उघडं होतं. आणि माझ्या तोंडातून एक शब्द येईना. इंग्रजी वाचता येतं, समजतंही बरंचसं; पण बोलायची वेळ आली आणि जीभ टाळूला चिकटली. सुमन पुढं झाली. तुटक, शाळेतल्या इंग्रजीत तिनं त्याला रस्ता सांगितला, गोदावरी सांगितली, माझ्या पाठीवरची ज्वारीसुद्धा सांगितली. तो पोट धरून हसला. ती हसली. मी बाजूला उभा — भरलेलं पोतं.

तिथं मला कळलं. त्या सहाही शहरांत मी असाच उभा असणार. बोलणार ती, हसवणार ती. मी तिच्या मागं पिशवी धरून. भीती होती का ती? की मत्सर? आज विचाराल तर — दोन्ही.

त्याच आठवड्यात लातूरला तपासणीसाठी एकटाच गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात. घरी आलो, खुर्चीत बसलो, छातीवर हात ठेवला, जिथं थांबायला हवं तिथं नेमका थांबलो — थांबण्याचेच पैसे घेतो मी — आणि म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, विमानाचा इतका लांबचा प्रवास या हृदयाला नको."

हे ते वाक्य. खोटं. सपशेल खोटं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, नकाशा उतरवला, घडी घातली. "जाऊ द्या. युरोप काय पळून चाललाय व्हय? तुम्ही नीट ऱ्हावा." दुसऱ्या दिवसापासून घरातलं मीठ बंद. माझं एकट्याचं नाही — एका घरात दोन चवी कशाला म्हणून तीही अळणीच जेवायला लागली. मी मात्र कार्यक्रमाच्या नावाखाली स्टँडजवळ मिरचीची भजी हाणून यायचो. वर मिठात घोळवून. हे सांगताना हसू येतंय मला, आणि ते येऊ नये हेही कळतंय.

या वर्षी ती निवृत्त झाली आणि नकाशा पुन्हा भिंतीवर आला. मार्ग तोच, पण आता प्रत्येक शहरानंतर एक दिवस माझ्या विश्रांतीचा. मुक्काम तळमजल्यावर, दवाखान्याजवळ. विमान मध्ये थांबणारं. "तुमची पिशवी बी मीच घेते," म्हणाली. एकदा मी दारात आलो तर भाकरी थापत स्वतःशीच घोकत होती — "ओने झाल्ट्स, सां सेल." मी म्हटलं, "हे काय करून राहिलीस?"

"मीठ नको म्हणायला शिकते. एक जर्मन, एक फ्रेंच. तिथल्या लोकांना सांगावं लागंल ना तुमचं पथ्य?"

मग नाही राहवलं. तिथंच, चुलीजवळ उभ्या उभ्या सगळं सांगितलं. या वेळी कुठंही थांबलो नाही.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "मी बी अळणी खायले, हे रोज बघत होताव की. तवा तरी सांगायचं." आणि थोड्या वेळानं, "मी एकटीच जाते."

पुन्हा सत्कार झाला. फ्लेक्सवर या वेळी ती एकटी. सूत्रसंचालन माझं. कुणीतरी खालून विचारलं, "बाई, सर नाही येत?" सुमनला साधी थापसुद्धा मारता येत नाही, पण ती म्हणाली, "यांच्या तब्येतीचं तुम्हाला माहीतच आहे." माझा खोटेपणा तिनं भर सभेत आपल्या पदरात घेतला. माईक माझ्या हातात होता. चालू होता. मी पुढच्या पाहुण्यांचं नाव पुकारलं.

म्हणून आज हे सांगतोय. मला हृदयविकार नाही. कधीच नव्हता. 

सुमन सध्या व्हिएन्नात आहे. रोज संध्याकाळी फोन येतो. काल म्हणाली, "अहो, डॅन्यूब आपल्या गोदावरीसारखीच मातकट हाय!" आणि काठावर भेटलेल्या एका म्हातारीला तिनं आपली नदी कशी समजावली, ते सांगत सुटली. हात हलवत असणार, मला आवाजावरून कळतं. काय बोलते हो ती! इतकी वर्षं एका छपराखाली राहून मी हे ऐकलंच नव्हतं, कारण बोलत मीच असायचो. मध्येच ती थांबते, विचारते, "ऐकून राहिले ना?"

मी हूं म्हणतो. ती पुढं सांगते.