शेठकाकांचं मोबाईल मार्केटिंग

शेठकाका समोर बसलेल्या माणसालाही मेसेज पाठवत. गिऱ्हाईक दुकानात येऊन खुर्चीवर टेकलं, की ते मोबाईल काढत, चष्मा कपाळावर सरकवत आणि अंगठ्याने काहीतरी दाबत. गिऱ्हाइकाच्या खिशात टिंग वाजे. मग काका त्याच्याकडे इतक्या आशेने बघत, की त्या बिचाऱ्याला मोबाईल काढून वाचावंच लागे : 'आमच्या दुकानास भेट दिल्याबद्दल आभार.' तो अजून काही बोललेलाही नसे.

चौक गावात, जुन्या हायवेला लागून, त्यांचं मंडप आणि भांडी भाड्याने देण्याचं दुकान. लग्न असो, पूजा असो, बारसं असो की तेरावं, खालापूर-कर्जतच्या बाजूला पंगत बसली की चुलीवर टोप त्यांचा आणि डोक्यावर कापड त्यांचं. सगळे त्यांना शेठ म्हणत. माझे बाबा त्यांचे शाळेतले मित्र, म्हणून मी शेठकाका म्हणायचे.

मोबाईलचं वेड त्यांना एका दिवसात लागलं. कर्जतजवळच्या एका रिसॉर्टवर व्यापाऱ्यांसाठी शिबिर होतं. निळ्या कोटातल्या कोणा सरांनी धंद्यासाठी मोबाईल मार्केटिंग का महत्त्वाचं, हे दिवसभर समजावलं. काका सकाळी मंडपवाले म्हणून गेले आणि संध्याकाळी छातीवर 'उद्योजक' असा बिल्ला लावून परत आले. तो बिल्ला पुढे कितीतरी दिवस उतरला नाही. सरांचं एक वाक्य त्यांनी पाठ केलं होतं : ग्राहक आता गावात राहत नाही, मोबाईलमध्ये राहतो. त्याआधी काका रोज संध्याकाळी स्कूटर काढून गावं फिरत. काम काहीच नसे. कुणाच्या ओटीवर बसायचं, कुणाच्या मुलीचा निकाल विचारायचा, चहा प्यायचा, निघायचं. शिबिरानंतर स्कूटरवर ताडपत्री पडली. काकू म्हणाल्या, फिरणं का बंद केलं? तर म्हणे, "कस्टमर मोबाईलमधी ऱ्हातो. गावात जाऊन मी कोनाला भेटू?"

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी टेंपोवर क्यूआर कोड लावायचं ठरवलं. लावायचं म्हणजे रंगवायचं. टोपांवर नाव घालणारा त्यांचा जुना पेंटर होता, त्यालाच बोलावलं. पेंटरने दोन दिवस खपून काळे-पांढरे चौकोन अतिशय सुबक काढले. मधे थोडी जागा मोकळी दिसत होती, तिथे कमळ काढलं, चारी बाजूंनी वेलबुट्टी काढली. तो कोड कोणाच्याही मोबाईलला वाचता आला नाही. गावातल्या बायका मात्र टेंपो थांबवून रांगोळीसाठी त्याचे फोटो काढून नेत. काका म्हणाले, फोटो काढतायत म्हणजे मार्केटिंग चालू आहे.

याच दिवसांत माझी नेमणूक झाली. मी नुकतीच पदवी घेऊन घरी बसले होते आणि माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. काकांच्या लेखी इंग्रजी माध्यम म्हणजे कॉम्प्युटर. मी फारशी बोलत नसे, याचाही त्यांनी चांगला अर्थ लावला. बाबांना म्हणाले, बोलत नाय म्हणजे डोकं चालत असणार. मला हे काम आवडलं, ते वेगळ्याच कारणासाठी. ज्या माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे, त्यांना मी आता आपुलकीने भरलेले मेसेज पाठवू शकत होते. तेही काकांच्या नावाने.

माझं पहिलं मोठं काम यादी करण्याचं. ऑर्डरच्या वह्यांमधून नावं आणि नंबर उतरवायचे आणि सगळ्यांना एक मेसेज पाठवायचा. मी तो आधी मनात इंग्रजीत रचला, मग मराठीत आणला : 'आपल्या घरच्या कार्यात सहभागी होता आलं, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. सेवेची अशीच संधी पुन्हा पुन्हा द्यावी!' वर फुग्यांचं चित्र. काकांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "सरांना पन असं जमलं नसतं."

वहीच्या काही पानांवर वरती हळद-कुंकवाचं बोट होतं, काही पानं कोरी होती. हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, घाईत राहिलं असेल. कार्य कसलं ते काका कधीच लिहीत नसत, त्यांना लिहायची गरज नव्हती. शुभकार्याच्या पानाला बोट, आणि तेराव्याचं पान कोरं. मंडपवाल्याच्या घरातल्या लहान मुलालाही हे कळतं. मला कळलं नाही, आणि काकांना विचारायचा मला संकोच वाटला.

त्या यादीत बाळारामदादा होते. खालापूरच्या अलीकडच्या गावात त्यांचं घर, आणि त्यांच्या भावकीतली सगळी कार्यं पिढीजात काकांकडे. वीस दिवसांपूर्वी त्यांचे वडील गेले होते, तेराव्याचा मंडपही काकांचाच होता. आता रीतीप्रमाणे घरातल्या मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायला हवं होतं, नाहीतर तीन वर्षं थांबायला लागलं असतं. कर्जत रस्त्यावरचा एक लॉनवाला, लग्न आमच्या लॉनवर करा म्हणून, त्यांना रोज फोन करत होता. बाळारामदादा जिकडे जाणार, तिकडे सगळी भावकी जाणार, हे काकांना माहीत होतं. त्या हंगामात दुसरं मोठं काम त्यांच्याकडे नव्हतं.

मेसेज सकाळी गेला. दुपारी बाळारामदादांचा फोन आला. काकांना फोन स्पीकरवर ठेवायची सवय होती, त्यामुळे मीही ऐकलं.

"शेट, आमच्या घरात अजून कोन मराया पायजे तुला?"

एवढंच. काकांनी वही मागितली. बाळारामदादांच्या कोऱ्या पानावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि काय झालं ते त्यांना कळलं. त्यांनी बिल्ला काढून गल्ल्यात टाकला, ताडपत्री ओढली आणि स्कूटरला किक मारली. मग म्हणाले, "बस मागं. शब्द तुझे हायत, तोंड माझं. दोन्ही गेली पायजेत."

बाळारामदादा ओटीवरच होते. या म्हणाले नाहीत. आतल्या दारात त्यांची आई भिंतीला टेकून बसली होती. काका खाली, जमिनीवर बसले आणि म्हणाले, माझी चूक झाली, मोबाईलच्या नादात माणसं बघायची विसरलो. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. खरं तर मी तिथे गप्प बसून सुटले असते. कधी नव्हे ते माझ्याच्याने गप्प बसवेना.

"मी लिहिला होता," मी म्हणाले. "मला पान ओळखता आलं नाही."

दारातून आजी म्हणाली, "कुनाची गं तू?" मी बाबांचं नाव सांगितलं. तिने ते मनात कुठेतरी बसवलं आणि काकांकडे वळली. "शेट, संधी पायजे ना तुला? देईन की. आता माझीच पाळी हाय. पन एवढा पाऊस जाऊ दे रं, चिखलात मंडपाचे बांबू उभं ऱ्हानार नायत तुझं."

काका हसले आणि हसता हसता रडले. बाळारामदादा हसले नाहीत, पण आत वळून चहा टाकायला सांगितला. निघताना त्यांनी विचारलं, दिवाळीनंतरच्या तारखांना कापड कुठल्या रंगाचं मिळेल. लॉनवाल्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

लग्न थाटात झालं. मला वाटलं, आता तरी काका मोबाईलपासून बरे होतील. मुंबईत एका कंपनीत मला नोकरी लागली, तीही असेच मेसेज लिहिण्याची. निरोप घ्यायला गेले तेव्हा मी मोठ्या कष्टाने म्हणाले, काका, माझ्यामुळे तुमची एवढी मोठी ऑर्डर जाणार होती. ते चकित झाले.

"जानार? अगं, तुझ्या मेसेजनंच तर आली. मेसेज गेला नसता तर मी बाळारामकडं गेलो असतो का? सर बरोबर बोलत व्हते. मोबाईल मार्केटिंगबिगर धंदा नाय."

आमच्या कंपनीत मेसेज किती जणांनी उघडला याचे तक्ते दर सोमवारी भिंतीवर दिसतात. ज्याने उघडला त्याच्या घरी काय चाललंय, ते विचारायला आजवर कोणी उठलेलं नाही. काकांची पद्धत मात्र आता पक्की झाली आहे. सकाळी ते यादीला मेसेज टाकतात आणि संध्याकाळी तो मिळाला का, हे विचारायला स्कूटरवरून घरोघर जातात. धंदा वाढलाय, आणि श्रेय सगळं मोबाईलचं.

मागच्या सुट्टीत मी त्यांच्यासोबत डोंगरातल्या ठाकुरवाडीला गेले होते. तिथे एका वळणानंतर रेंज जाते. काका पहिल्या घरासमोर उतरले, मोबाईल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगणात उभं राहून सगळ्या घराला आपला मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. मग चहा घेतला, म्हातारबाबांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि पुढच्या घराकडे वळले.