वस्तादांच्या हातातली मान

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते आमच्या गावच्या तालमीतल्या वस्तादांचे. नव्या कापसाचा उबट वास आला की अजूनही माझी मान आखडते. जपानात दरवर्षी जोडीजोडीने लढायची कुस्तीस्पर्धा होते. मोबाइलवर ती बघून मी आणि माझ्या चुलतभावाने तिचा सगळा इतिहास पाठ केला होता. एका दुपारी त्या स्पर्धेतला एक डाव करताना त्याने मला खांद्यावरून तालमीमागच्या कापसाच्या ढिगावर फेकलं आणि मी घसरून डोक्यावर खाली आदळलो. पाय आहेत की नाहीत तेच कळेना. वस्ताद धावत आले, मला फळीवर घेतलं आणि पिकअपमध्ये जालन्याच्या दवाखान्यापर्यंत माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरून बसले. “हालू नको बिलकुल. झोपू बी नको. पहिल्या साली कोणती जोडी जिंकली, सांग.” मी एकेका सालाची नावं सांगत गेलो. प्रत्येक खड्ड्याला वाटे, आता संपलं. मध्येच एक साल आठवेना, डोळे मिटू लागले. “त्या साली मी अन् तुझा आजा जिंकलो,” वस्ताद म्हणाले. “न्हाई वस्ताद, काही बी सांगून राह्यले तुम्ही!” मी चिडलो, आणि नावं आठवली. दवाखान्याच्या दारात पायाच्या अंगठ्याला मुंग्या आल्या, तेव्हा कुठे वस्ताद रडले. परवा मी त्यांना पत्र टाकलं: “वस्ताद, मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. मंचाच्या पायऱ्या माझ्या पायांनी चढलो. यंदा जपानात कोण जिंकलं ते मुद्दाम लिहीत नाही. गावी आलो की तुम्ही विचारा.”